लाकडी स्केटबोर्डवर हाताने काढलेलं चित्र टिकावं म्हणून रंग कोणता आणि वरून पारदर्शक क्लिअर कोणतं मारावं?

तुमचा प्रश्न असा, की धाकट्या भावाच्या जुन्या स्केटबोर्डच्या खालच्या बाजूला लाल मातीतला पैलवान रंगवायचाय, घरात ॲक्रिलिक रंग आणि पेंट मार्कर पडून आहेत, वरून काय मारलं म्हणजे चित्र निघणार नाही, आणि पाऊस लागायच्या आत हे उरकेल का. मी कोल्हापुरात पेंटिंगचंच काम करते. दुकानांच्या पाट्या, भिंती, गाड्यांच्या टाक्या आणि हल्ली पोरं आणून देतात ते बोर्ड. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे ठरवा, की भाऊ हा बोर्ड चालवणार आहे की खोलीत टांगून ठेवणार आहे. चालवायचा बोर्ड लवतो. पोरगं उडी मारून खाली आलं की तो मधून दबतो आणि परत सरळ होतो, आणि त्याच्या अंगावरच्या प्रत्येक थराला त्याच्याबरोबर लवावं लागतं. इपॉक्सी रेझिन ओतलेले बोर्ड व्हिडिओत फार देखणे दिसतात, पण तो थर जाड आणि कडक असतो. दगडावर ठोका बसला की टवका उडतो, आणि टवक्याबरोबर खालचं चित्रही जातं. शिवाय उन्हात राहिला की पिवळा पडतो. टांगायच्या बोर्डला रेझिन खुशाल वापरा. पुढचं सगळं मी भाऊ बोर्ड चालवणार आहे असं धरून सांगते.

क्लिअरची चौकशी सगळे करतात, घासायची कुणी करत नाही. आणि माझ्याकडे सोललेले जे बोर्ड येतात, त्यातले बहुतेक घासाईत कच्चे राहिलेले असतात. बोर्ड म्हणजे सलग फळी नसते. साधारणपणे मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर एकमेकांवर चिकटवून साच्यात दाबलेले असतात. पाच थरांच्या रेषा लांबीच्या दिशेने आणि दोघांच्या आडव्या, म्हणून तो इतका मार खाऊनही तुटत नाही. एक थर जेमतेम दीड मिलिमीटरचा. त्यावर कंपनीचं जे चित्र असतं ते बहुधा फिल्मवर छापून गरम रोलरने दाबून बसवलेलं असतं. त्या गुळगुळीत फिल्मवर ॲक्रिलिक धरत नाही. नखाने सोलून निघेल. म्हणून ती पूर्ण काढायची.

दोन्ही ट्रक, म्हणजे बोर्डखाली चाकं धरून ठेवणारे धातूचे भाग, खोला, एकेकाला चार बोल्ट असतात. वरचा ग्रिप टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून चिकटवलेला खरखरीत कागद, चांगला असेल तर त्याला हात लावू नका, फक्त कडेला मास्किंग टेप लावून घ्या. फिल्म खरवडायला सुतारांची जुनी युक्ती सगळ्यात बरी: काचेचा तुकडा घ्यायचा, हातात जाड मोजे घालायचे आणि त्याची सरळ धार थोडी तिरकी धरून रेषेच्या दिशेने ओढायची. फिल्म पापुद्र्यापापुद्र्याने निघते आणि लाकडाला खड्डा पडत नाही. हीट गनने फिल्म लवकर निघते खरी, पण थर ज्या गोंदाने चिकटलेत तोही त्या उष्णतेने ढिला पडू शकतो, म्हणून मी ती वापरत नाही. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि त्यानंतर २२०, दोन्ही रेषेच्या दिशेनेच. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. नोज (बोर्डचं पुढचं टोक) आणि टेलच्या (मागच्या टोकाच्या) वळणावर मात्र हातानेच जावं लागतं. घासताना तोंडाला मास्क हवाच.

इथे एका गोष्टीवर डोळा ठेवा. पुष्कळ बोर्डांत मधले थर रंगवलेले असतात, लाल, निळे, हिरवे. घासता घासता एखाद्या जागी वेगळा रंग डोकावायला लागला तर समजा की वरचा थर संपत आला. तिथलं घासणं तिथेच थांबवा. खोल ओरखडा असेल तर तो घासून काढायच्या नादाला न लागता लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरा आणि वाळल्यावर सपाट करा.

घासून झालं की ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं सगळ्या बोर्डवरून एकदा फिरवा आणि वाळू द्या. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात आणि हाताला खरखरीत लागतं. ते आत्ताच हलक्या हाताने ३२० ने घासून टाका. हे राहिलं तर पाण्याचा रंग लावल्यावर तेच तंतू रंगातून वर येतात, आणि मग चित्रच घासावं लागतं.

अस्तराला पाण्याचा पांढरा वुड प्रायमर घ्या. पातळ दोन हात, मध्ये ३२० चा हलका हात. आणि हे करताना बोर्डची कड व बोल्टची आठही भोकं विसरू नका. पाणी शिरतं ते तिथून, कारण तिथे सातही थरांची तोंडं उघडी असतात. लाकूड फुगलं की थर सुटायला लागतात, मग वर कितीही महागडं क्लिअर असलं तरी उपयोग नाही. बारीक ब्रशने भोकांच्या आतून प्रायमर फिरवा.

आता चित्र. कागदावर काढायच्या आधी बोर्ड कागदावर ठेवून त्याचा आकार आणि भोकं उतरवून घ्या. जागा साधारण आठ इंच रुंद आणि बत्तीस इंच लांब, अगदी चिंचोळी. त्यात दोन ठिकाणी ट्रकच्या पट्ट्या चित्र झाकणार. टेल ब्रेक मारताना जमिनीवर घासतं, त्यामुळे तिथलं काहीच राहत नाही. भाऊ पाइपवर किंवा कट्ट्यावर बोर्ड आडवा घसरवायला शिकला की मधला भागही खरवडला जाणार. ते कुठल्याही क्लिअरने थांबत नाही, आणि कुणी थांबतं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. म्हणून पैलवानाचा चेहरा दोन ट्रकच्या मध्ये, पण नोजकडच्या ट्रकला लागून घ्या. मांडी, शड्डू ठोकणारा हात हे मधोमध येऊ देत. पाय आणि माती टेलकडे. माती घासली गेली तर ती मातीच दिसेल.

पैलवान एकच काढा. मागे मैदान, प्रेक्षक, गदा, फेटे असं सगळं घालायचा मोह होतो, पण चाकं लावल्यावर आणि बोर्ड हलत असताना त्यातलं काही कळत नाही. हे शिकायला आपल्याला गाव सोडून जायला नको. बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) याच गावात नाटकांचे पडदे रंगवत होते आणि पुढे स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांनी रंगवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे हा पोस्टरचा हिशेब. चित्रकार जिम फिलिप्स यांनी सांताक्रूझ या अमेरिकी स्केटबोर्ड कंपनीसाठी १९८५ मध्ये काढलेला किंचाळणारा निळा हात बघा, स्केटबोर्डच्या दुनियेत आजही तो लगेच ओळखू येतो. एकच आकृती, जाड काळी रेघ, मोजके सपाट रंग. तुमच्या पैलवानालाही हेच लागू आहे. अंगाच्या छटा दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत.

लाल रंगाबद्दल वेगळं सांगते, कारण तुमच्या चित्रात तोच सगळ्यात जास्त आहे. लाल ॲक्रिलिक एका हातात झाकत नाही. पांढऱ्या प्रायमरवर थेट मारला तर ब्रशचे फराटे दिसतात आणि रंग गुलाबीकडे झुकतो. आधी पिवळ्या मातीच्या रंगाचा, म्हणजे येलो ऑकरचा, एक हात द्या, मग गेरूच्या जवळ जाणारा लाल, आणि शेवटी जिथे ऊन पडल्यासारखं दाखवायचंय तिथे थोडा नारिंगी. आखाड्याची माती एका रंगाची नसतेच. तेल, ताक, हळद मुरवलेली असते ती, ओल्या जागी गडद आणि कडेला भुरकट. जुनं फडकं बोटाला गुंडाळून रंग थापटत गेलात तर ती भुरभुरीत माती हुबेहूब उतरते. प्रत्येक हात पातळ ठेवा. जाड रंगावर दुधावर येते तशी साय धरते, आतून तो ओलाच राहतो आणि वरचं क्लिअर वाळताना चिरा जातात.

तुमचे पेंट मार्कर पाण्याच्या ॲक्रिलिकचे असतील तर बाह्यरेषेला उत्तम आहेत. साधा पर्मनंट मार्कर किंवा बॉलपेन मात्र बोर्डवर कुठेच वापरू नका, खालच्या स्केचलाही नको. त्याची शाई सॉल्व्हंटच्या क्लिअरमध्ये विरघळते आणि पैलवानाच्या मिशा गालभर पसरतात. शंका असेल तर ट्रकच्या पट्टीखाली जी जागा झाकली जाणार आहे तिथे सगळे रंग आणि मार्करच्या दोनचार रेघा ओढा, वाळू द्या, आणि तुमचं क्लिअर आधी तिथे लावून बघा. बोर्डवरच एक नमुना तयार होतो आणि नंतर तो कुणाला दिसतही नाही.

क्लिअरमध्ये दुकानदार समोर चार डबे ठेवेल. घरी, ब्रशने आणि ॲक्रिलिकवर करायचं असेल तर माझं उत्तर पाण्याचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. डब्यात दुधासारखं दिसतं, वाळलं की पारदर्शक. वास कमी, लवचिक आणि पिवळं पडत नाही. पहिला हात अगदी पातळ, ब्रश न दाबता, एका दिशेने. परत परत फिरवलात तर मार्करची रेघ ओढली जाते. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. दोन हातांनंतर ४०० चा पेपर हलकासा फिरवा, धूळ पुसा, मग आणखी दोन. चार पातळ हात दोन जाड हातांपेक्षा कितीतरी भारी.

तेलाचं व्हार्निश स्वस्त आणि मजबूत असतं, पण त्याला मुळातच पिवळसर झाक असते आणि ती वाढत जाते. मातीला ती शोभेल, पण पांढरा लंगोट सायीच्या रंगाचा होईल आणि निळं आभाळ हिरवट. फर्निचरवाले वापरतात ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर लवकर वाळतं, मात्र तुम्ही कुठे ऑइलपेंट वापरला असेल तर त्यावर ते अजिबात नको. त्याचा तेज थिनर खालचा ऑइलपेंट उचलतो आणि सुरकुत्या पडतात. स्प्रेच्या डब्यातलं ॲक्रिलिक क्लिअर मी फक्त पहिल्या धुक्यासारख्या हाताला वापरते, रेघ जागच्या जागी बसावी म्हणून. चालवायच्या बोर्डला एकट्याने ते पुरत नाही.

सगळ्यात टणक म्हणजे गाड्यांना मारतात ते हार्डनर मिसळायचं टू-के पीयू. पण ते घरी, गच्चीवर, रुमाल बांधून मारू नका, ही मनापासून विनंती. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा लागतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे जराशा वाफेनेही त्रास होतो. कापडी मास्कचा तिथे काही उपयोग नाही. त्यापेक्षा चित्र पूर्ण वाळवा आणि इथल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, किंवा तुमच्या जवळ जिथे गाड्या बूथमध्ये गनने रंगवतात तिथे बोर्ड घेऊन जा. दुसऱ्या गाडीचं क्लिअर चालू असेल त्याच वेळी तुमचाही बोर्ड होऊन जातो. खाली ॲक्रिलिक आहे हे आधी सांगा, म्हणजे ते पहिला हात हलका मारतील.

आता पावसाचं. एप्रिल-मे हे दोन महिने यासाठी चांगले आहेत, तेव्हा वेळ आहे, पण रेंगाळू नका. काम सावलीत करा. मेच्या उन्हात क्लिअर वरून झटकन वाळतं आणि आत अडकलेल्या वाफेचे फोड येतात. दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि वळवाची चिन्हं दिसली तर त्या दिवशी क्लिअरचा डबा उघडूच नका. हवेत दमटपणा असला की लॅकर पांढरट, धुरकट होतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प बसतं. पाण्याचं पीयू तसं पांढरं पडत नसलं तरी वाळायला फार वेळ घेतं आणि चिकट राहतं. जून उजाडला आणि काम राहिलं तर चित्रापर्यंत येऊन थांबा आणि क्लिअर दिवाळीच्या आसपास मारा. तोवर बोर्ड कोरड्या खोलीत उभा ठेवा.

शेवटचा हात दिल्यावर बोर्ड काही तासांत हाताला कोरडा लागेल. तो पक्का व्हायला वेळ लागतो, आठवडाभर तरी द्या, जमलं तर दहा-बारा दिवस. पट्टीखालच्या त्या नमुन्यावर नख दाबून बघा, खूण उमटली तर अजून कच्चं आहे. कच्च्यावर ट्रक आवळले तर पट्टी क्लिअरला चिकटते आणि पुढे कधी खोलताना रंगासकट निघते. बोल्ट घालायच्या आधी भोकांत जमलेलं क्लिअर टोकदार काडीने साफ करा, नाहीतर बोल्ट ठोकून घालावा लागतो आणि भोकाभोवतीचा रंग फुटतो. ट्रक गच्च बसले पाहिजेत, पण नट लाकडात रुतेल इतके आवळू नका.

उरलेलं पीयू घट्ट झाकून ठेवा. बोर्ड चालायला लागला की आधी कडेचे टवके उडतील, टेलजवळचे जास्त. तिथे लाकूड उघडं दिसलं की ४०० चा पेपर फिरवून, पुसून, बारीक ब्रशने दोन हात द्या. पावसाळ्याच्या आधी कडा एकदा नक्की तपासा, आणि भावाला सांगा की ओल्या रस्त्यावरून आला तर बोर्ड पुसून उभा ठेवायचा, चाकांवर तसाच टाकायचा नाही.