“प्रभू यांना बोलावून का घेत नाही?” असे मनात आले, तर ते पाप आहे का?

जालना जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबांसाठी समुपदेशन करताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. मात्र तो सर्वांत उघडपणे विचारला तो एका शिक्षिकेने. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्यानंतर त्या म्हणाल्या, “ताई, काल रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मनात आलं, प्रभू यांना बोलावून का घेत नाही? मला क्षमा मिळेल का?”

त्यांच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. एके काळी बायबल बाई म्हणून, म्हणजे बायबलचा संदेश सांगत, खेडोपाडी पायी फिरलेल्या या माउलीला आता स्वतःच्या मुलाचे नावही आठवत नव्हते. दिवस मावळला की त्या लुगड्याचे गाठोडे बांधून दाराशी उभ्या राहत आणि “मला घरी सोड” असा धोशा लावत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात रोज ओली होणारी अंथरुणे धुणे म्हणजे काय, हे ज्यांनी ड्रममधले पाणी मोजून वापरले आहे त्यांनाच कळेल. ते सारे उरकून ही बाई सकाळी सातला शाळेत हजर असे.

मी त्यांच्यासमोर बायबलमधील गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय उघडला. तेथे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला म्हणतो की, या लोकांना मी जन्म दिला आहे काय, की दाईने तान्ह्या बाळाला उराशी धरावे तसे मी यांना वाहावे. हा भार मला एकट्याला झेपत नाही, असेच चालणार असेल तर मला मारून टाक. मोशेने स्वतःचे मरण मागितले आणि या बाईंच्या मनात दुसऱ्याचे आले, हा फरक मी लपवला नाही. पण दोन्हींच्या मुळाशी भार एकट्याने वाहणे आहे, आणि देवाने मोशेला अविश्वासू ठरवले नाही, तर त्याचा भार वाटून घेण्यासाठी लोकांतले सत्तर वडीलधारे पुढारी निवडायला सांगितले. अनेक रात्रींच्या जागरणाने शिणलेल्या देहातून निघालेला तो उद्गार मला द्वेषाचा वाटला नाही. द्वेष असता तर तिसऱ्यांदा चादर बदललीच गेली नसती. त्या तेव्हा रडल्या, आणि मी त्यांना रडू दिले.

रात्रीचा गोंधळ गेल्या पंधरवड्यात एकाएकी वाढल्याचे त्यांच्या बोलण्यात आले, तेव्हा मी आधी डॉक्टरांकडे जायला सांगितले. वृद्धांमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गानेही असा भ्रम अचानक वाढतो, आणि येथे तसेच निघाले. औषधाने स्मृती परतली नाही, पण रात्री बऱ्याच शांत झाल्या. “हेच तुमचं घर आहे” असा वाद घालण्याऐवजी “तुमच्या घरी कोण कोण आहे?” असे विचारावे, हेही मी सुचवले, बहुधा सासूबाईंच्या आठवणीतल्या त्या घरात त्यांची आई अजून चुलीपाशी बसलेली असे, आणि तिच्याविषयी बोलता बोलता गाठोडे हातातून सुटे.

खरा अवघड भाग पुढे होता. त्या शिक्षिकेचे पती मंडळीचे (चर्चचे) खजिनदार, गायनपथकाचे प्रमुख, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणे न चुकवणारे; संध्याकाळी घरी नसत, कारण प्रभूची सेवा होती. आम्ही तिघांनी मिळून मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचला. माझ्याकडून तुम्हांला जे मिळायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण झाले आहे, असे म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशू तेथे बोल लावतो. ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मला त्यांना लाजवायचे नव्हते. ते भले आहेत, फक्त आईची सेवा हे सुनेचे काम आणि मंडळीचे काम ते आपले, अशी वाटणी त्यांनी कधी तपासलीच नव्हती. ही वाटणी आपल्या घराघरांत आहे आणि ती पवित्र शास्त्रातून आलेली नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘आपला बाप व आपली आई यांचा मान राख’ ही आज्ञा लेकरांना आहे. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी केलेल्या 2007 च्या कायद्यातही ‘अपत्ये’ म्हणून मुलगा, मुलगी, नातू व नात यांचाच उल्लेख आहे, सुनेचा नाही.

त्यांनी खजिनदारपद सोडले नाही, मीही तसे सुचवले नव्हते. गायनाचा सराव मात्र शनिवारी त्यांच्याच घरी होऊ लागला. नावे विसरलेल्या सासूबाई जुन्या गीतांची कडवीच्या कडवी म्हणतात, हे तेव्हा सर्वांना कळले. पुण्याचे थोरले दीर दिवसा सांभाळणाऱ्या बाईचा पगार देतात, परभणीची नणंद मे महिन्यात येऊन राहते, आणि आठवड्यातल्या तीन रात्री मुलगा आईच्या खाटेशेजारी झोपतो.

परवा त्या शिक्षिका भेटल्या. अजूनही चिडते, म्हणाल्या, परवाच ताट जरा जोरात आपटले. पण मग नवऱ्याला फोन केला, आणि तो सभा अर्धी टाकून घरी आला.