कोरीव रिव्हॉल्वरची बयाणा रक्कम देण्याआधी

चि. …… यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि फोटो मिळाले. कोल्ट कंपनीची ती ‘नेव्ही’ रिव्हॉल्वर देखणी आहे, यात वाद नाही. पण विक्रेता महिनाअखेरीची घाई करतोय म्हणून पैसे देऊ नकोस. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू आणखी दोन महिने कुठे जात नाही, आणि गेली तर जाऊ दे.

सिलिंडरवरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावरच्या, जहाजांच्या लढाईचे तू चार फोटो पाठवलेस. ती हाताने कोरलेली नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एल. ऑर्म्सबीने ते चित्र पोलादी रोलरवर खोदलं आणि कारखान्यात ते दाबाने प्रत्येक सिलिंडरवर उमटवत. टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोशी झालेली लढाई, 16 मे 1843. या मॉडेलच्या दोन लाखांहून जास्त रिव्हॉल्वर निघाल्या आणि साध्यातल्या साध्या नगावरही हेच चित्र असे. खास कोरून घेतलेल्या नगावरसुद्धा बहुधा ते तसंच ठेवत. तेव्हा तुझे जादा पैसे जाणार आहेत ते फ्रेम (मधला सांगाडा), नळी, घोडा (मागून आपटणारा खटका) आणि मुठीच्या पट्ट्यांवरच्या कामासाठी. त्यांचा मात्र एकच फोटो आहे, तोही अंधुक.

या छंदात सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते सांगू? रिव्हॉल्वर अस्सल, नंबर अस्सल, आणि वेलबुट्टी गेल्या पन्नास-साठ वर्षांतली. आजीच्या तांब्यावरचं नाव तू पाहिलं असशील. भांड्याबरोबर तेही झिजलेलं असतं. इथेही तेच बघायचं. नळीच्या कडा गुळगुळीत झाल्यात आणि नक्षीच्या रेघा मात्र बोटाला टोचतात, तर शंका घे. भिंग लावून गंजाचे खड्डे शोध. जुन्या कामात गंजाने रेघ खाल्लेली दिसते. नव्या कामात रेघच खड्ड्यातून गेलेली असते. कारागीर उघड्या पोलादावर आधी कोरत आणि नंतर निकेल किंवा ब्लूइंग (निळसर-काळा थर) चढवत, त्यामुळे रेघेच्या तळाशी मूळ मुलाम्याचा अंश सापडायला हवा. फ्रेम आणि घोडा कोरून झाल्यावर केस-हार्डनिंग, म्हणजे पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया, होई. तेवढ्या कडक पोलादावर कोरणी सहज चालत नाही. म्हणून नंतर कोरणारा आधी ते तापवून मऊ करतो आणि मूळचे निळे-तपकिरी रंग उडतात. पण रंग नाहीत म्हणजे खोटंच, असंही समजू नकोस. ते वापरानेही जातात.

विक्रेता ‘गुस्ताव्ह यंगचं काम’ म्हणतोय. जर्मनीतून आलेल्या यंगने हार्टफर्डला कोल्टसाठी काम केलं आणि 1869 मध्ये तो स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसनकडे गेला. दाट वेल, बारीक ठोकलेली पार्श्वभूमी, घोड्यावर लांडग्याचं तोंड ही त्याची धाटणी खरी, पण त्या धाटणीत काम करणारे इतरही होते. सही किंवा कागद नसेल तर नावाचे वेगळे पैसे मोजू नयेत, हे माझं ठाम मत आहे. न्यूयॉर्कचा कोरीवकार एल. डी. निम्श्के याने निदान आपल्या कामाचे कागदावर घेतलेले ठसे जपून ठेवले. ती वही 1965 मध्ये पुस्तकरूपात छापली गेली. तशी सोय सगळ्यांच्या बाबतीत नाही. कोल्टच्या अभिलेखागारातून नंबरावरून पत्र मिळतं. 1873 च्या ‘सिंगल ॲक्शन’ मॉडेलसाठी ते जरूर मागव. त्याआधीच्या पर्कशन (सुटी दारू आणि टोपी वापरणाऱ्या) काळाच्या नोंदी मात्र फार थोड्या उरल्यात, त्यामुळे नेव्हीसाठी त्यावर फार विसंबू नकोस.

मूठ हस्तिदंती आहे ना? मग हा व्यवहार तुझ्या न्यू जर्सीत होऊच शकत नाही; 2014 च्या कायद्याने तिथे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ धरतात, पण राज्याचे नियम वेगळे असतात, ते वकिलाकडून तपासून घे. आणि हौसेने पुण्याला घेऊन जायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड.

त्याआधी चांगलं काम डोळ्यांखालून घाल. तुझ्या घराजवळ पॅटरसनचं संग्रहालय आहे. कोल्टचा पहिला कारखाना त्याच गावात होता, 1836 ते 1842. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1853 च्या सुमाराची सोन्याने जडवलेली कोल्टची ‘ड्रॅगून’ रिव्हॉल्वर आहे, वॉशिंग्टनच्या मुखचित्राची. सोन्याकडे कमी बघ, रेघ कुठे जाड होते आणि कुठे निमुळती होत संपते ते बघ. हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात कोल्टच्या पत्नीने दिलेला संग्रह आहे.

विक्रेत्याकडे पुन्हा जाशील तेव्हा आधी त्यालाच रिव्हॉल्वर रिकामी असल्याची खात्री करून द्यायला सांग. जुन्या पर्कशन रिव्हॉल्वरमध्ये कधीकधी बंदुकीची दारू भरलेलीच राहिलेली असते. मग फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे, घोड्याचे आणि सगळ्या नंबरांचे फोटो काढ. फ्लॅश नको, टॉर्च बाजूने धर. ते मला पाठव. बयाणा त्यानंतर.

तुझा,
काका