तोफ कोणावर डागायची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही चौघं मित्र पटावर अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर १८०३) खेळतो. गाव आमच्याच तालुक्यातलं. १५ मिमीचे शिपाई, ६ बाय ४ फुटांचं प्लायवूड, १ सेंमी म्हणजे १० मीटर. नियम असा की सगळ्यात जवळच्या शत्रूवरच मारा करायचा. मग नागपूरकर भोसल्यांच्या बाजूनं खेळणारा चार सुटे स्वार पुढे उभे करतो आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफा त्यांच्यावरच वाया जातात. नियम काढला, तर सगळे मिळून एकेक पलटण नेमकी संपवतात. खऱ्या लढाईत काय होत असे?
— एक वाचक, तेल्हारा तालुका, जि. अकोला

उत्तर: जवळच्यावरच मारा हा नियम खेळाडूच्या डोळ्याला लगाम घालण्यासाठी असतो. तुम्हाला वरून सगळा पट दिसतो. धुरात उभ्या असलेल्या सुभेदाराला समोरचं शेतही धड दिसत नसे. बंदुकीपुरता हा नियम बराच खरा आहे, कारण त्या काळच्या बंदुकीचा १०० मीटरपलीकडे फारसा भरवसा नसे आणि तेवढ्यात जो समोर येईल तोच धोका. तोफेचं तसं नाही. छर्रे साधारण ३०० मीटरपर्यंत, पण भरीव गोळा त्याच्या कितीतरी पुढे जातो. एवढ्या अंतरावर चार सुट्या स्वारांवर कोणताही जाणता गोलंदाज गोळा खर्च करणार नाही. त्याला दाट रांग हवी, म्हणजे गोळा एका माणसावर न थांबता मागेही जातो. अडगावातच मराठी तोफा सुमारे हजार यार्डांवरून, तुमच्या पटावर ९१ सेंमीवरून, चालून येणाऱ्या पलटणींवर सुरू झाल्या आणि दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत खंबीर राहिलेले शिपाई मागे फिरले. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याला त्यांना स्वतः सावरावं लागलं.

म्हणून नियम अंतरानुसार बदला. १० सेंमीच्या आत समोर शत्रू असेल तर निवडच नाही, त्याच्यावरच मारा. १० ते ३० सेंमीत जवळचा शत्रू घ्यायचा. दुसरा हवा असेल तर एक फासा टाका. कसलेल्या तोफखान्याला ३ किंवा जास्त, नवशिक्याला ५ किंवा जास्त पडलं तरच निशाणा बदलतो. ३० सेंमीपुढे सुटे स्वार लक्ष्यच धरू नका. दाट तुकड्यांतली सगळ्यात जवळची घ्या, बदलायची तर तोच फासा. दोन अंतरांत ३ सेंमीपेक्षा कमी फरक असेल तर ती सारखी समजा, नाहीतर टेपवरून भांडणं होतात. तोफेला दोन्ही बाजूंना ४५ अंश दिसतं. पुठ्ठ्याचा काटकोन कापून त्याचं टोक तोफेच्या तोंडाशी ठेवलं की वाद मिटतो.

फासा कशाला, हुकूम दिला की झालं, असं वाटेल. पण वॉटर्लूला (१८१५) वेलिंग्टननं, म्हणजे याच वेलस्लीनं, शत्रूच्या तोफांना उत्तर न देता पायदळावर आणि घोडदळावर मारा करण्याचा हुकूम दिला होता. तरी काही तोफखान्यांनी तोफांवर गोळे टाकलेच. आपल्यावर मारा करणाऱ्यावर उलटायची ओढ असतेच. म्हणून ज्या तोफखान्याला त्याच फेरीत शत्रूच्या तोफेनं फटका दिला असेल, त्याच्या फाशातून १ वजा करा.

‘नेमकी संपवतात’ ही तक्रार आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथेच खेळ सगळ्यात खोटा होतो. पहिली तोफ पलटण मोडते आणि दुसरी लगेच पुढची धरते. म्हणजे निकाल कळल्यावर निशाणा ठरतो. उपाय फुकट आहे. एकही फासा टाकण्याआधी प्रत्येक तोफेनं आपल्या लक्ष्यापाशी चिंचोका ठेवायचा, आणि ठेवलेला उचलायचा नाही. पलटण मोडायला दोनच फटके उरले असताना तीन तोफांनी पाच मारले, तर तीन वाया. दोन-तीन डावांत खेळाडू आपोआप मारा वाटून टाकू लागतात.

गप्प झालेली तोफही लगेच पटावरून काढू नका. असईला काही मराठी गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि कंपनीची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीत मारा केला. शत्रूची तुकडी तोफेला चिकटून उभी नसेल, तर दर फेरीला एक फासा. ६ आला की तोफ पुन्हा जिवंत.

शेतात उभी ज्वारी दाखवणार असाल, तर आतलं पायदळ काठापासून ३ सेंमीच्या पुढे दिसत नाही असं धरा. देशी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांनाही जवळचाच निशाणा लावावा का?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर: झाकण बंद असेल तर हो, फटीतून फार थोडं दिसतं. कमांडर वर डोकं काढून असेल तर त्याला निवडू द्या, मात्र बंदुकीच्या माऱ्यात तो आधी पडेल हे लागू ठेवा. धोका ओळखून निवड खरोखर होत असे: ब्रिटिशांच्या शर्मन फायरफ्लाय रणगाड्याच्या तोफेची नळी लांब म्हणून जर्मन त्याला आधी टिपायचे, त्यामुळे नळीचा पुढचा भाग रंगवून ती आखूड भासवत. ५० सेंमीपलीकडे फायरफ्लाय आणि साधा शर्मन वेगळे ओळखायला ४ किंवा जास्त पडावं लागेल, असा नियम करून बघा.

प्रश्न: एकट्यानं खेळताना समोरच्या बाजूचा निशाणा कसा ठरवू?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर: फाशावर सोपवा. १ ते ३ सगळ्यात जवळचा, ४ आणि ५ त्या तुकडीवर नुकताच मारा केलेला, ६ सगळ्यात दाट तुकडी. १० सेंमीच्या आत कोणी असेल तर फासा टाकायचाच नाही.