भिशीचे साठ हजार कुठे भरू?

मिरजेहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, हातात ४६,००० येतात. ताई घरी ब्लाउज शिवतात. लग्नसराईत त्याचे महिन्याला बारा-तेरा हजार सुटतात, पावसाळ्यात कसेबसे सहा. वर्षाची सरासरी ९,०००. घर भाड्याचं, दोन मुलं, सोबत सासूबाई. देणी तीन आहेत. पर्सनल लोनचे ३,४०,००० (१५ टक्के व्याज, हप्ता ११,७९०, अजून तीन वर्षं), क्रेडिट कार्डाचे ९२,००० आणि दिरांकडून घेतलेले हातउसने ५०,०००. पतसंस्थेत मिस्टरांच्या नावावर एक लाखाची ठेव आहे, साडेआठ टक्क्यांची. गल्लीतल्या बारा जणींच्या भिशीत पाचवी चिठ्ठी ताईंची निघाली आणि या जानेवारीत ६०,००० हाती आले. मिस्टर म्हणतात, मोठं कर्ज आधी कमी करू. ताईंना वाटतं, कार्ड. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: "वही घालून हिशेब लिहिते, दूध अर्धा लिटर कमी केलं, पेपर बंद केला, तरी वीस तारखेला पर्स रिकामी आणि किराण्याला कार्ड काढावं लागतं. आमचं चुकतं कुठे?"

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. साठच्या साठ हजार कार्डावर भरा, आणि येत्या देय तारखेच्या आधी भरा.

मिस्टरांना हे आकड्यांत दाखवा. पर्सनल लोनमध्ये ६०,००० भरले तर पहिल्या वर्षी साधारण ९,००० रुपये व्याज वाचेल. त्यातून मुदतीआधी भरण्याचं शुल्क जाऊ शकतं, ते तुमच्या करारात बघा. तेच पैसे कार्डावर भरले तर महिना साडेतीन टक्क्यांनी वर्षाला २५,२०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीस हजारांच्या आसपास वाचतात. शिवाय लोनमध्ये मधेच रक्कम भरली की बँका बहुधा मुदत कमी करतात, हप्ता तोच ठेवतात. म्हणजे साठ हजार देऊनही तुमच्या महिन्याच्या पर्सला एक रुपयाचा आराम नाही. मोठं कर्ज डोळ्यांत खुपतं, हे मी समजू शकतो. पण घर पोखरतंय ते लहान कर्ज.

कार्डाचं स्टेटमेंट तुम्ही पाठवलंत ते बरं झालं. बाकी ९२,०००, 'किमान देय रक्कम' ४,६००, आणि तुम्ही ती दर महिन्याला न चुकता भरताय. त्या ४,६०० मधले ३,२२० व्याजात जातात, ५८० जीएसटीत. मुद्दल फिटतं फक्त ८०० रुपये. आणि मागची बाकी अंगावर असताना नव्या खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वीस तारखेनंतर तुम्ही कार्डावर जो किराणा भरता, त्याला त्याच दिवसापासून व्याज लागतं. डाळ-तांदूळ तुम्ही वर्षाला जवळपास ५० टक्के व्याजाने खाताय.

आता वही. तुम्ही लिहिलेला महिना असा: भाडं ८,०००, लोनचा हप्ता ११,७९०, कार्ड ४,६००, भिशी ५,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस मिळून १३,५००, शाळेची रिक्षा आणि शिकवणी ४,०००, पेट्रोल २,८००, लाइट-मोबाइल २,०००, सासूबाईंची औषधं १,५००. बेरीज ५३,१९०. मिळकत ५५,०००. कागदावर १,८१० उरतात, आणि ते कुठे जातात म्हणून तुम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघता.

ते कुठे जातात, ते तुमच्या वहीतच लिहिलंय. जूनच्या पानावर 'इतर' या रकान्यात २५,००० आहेत: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश. गणपतीच्या महिन्यात 'इतर' ९,०००. दिवाळीत १२,०००. डिसेंबरात एलआयसीचा हप्ता १४,४००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. लग्नांचे आहेर वर्षाचे आठ हजार, गावच्या जत्रेला जाणं-येणं आणि पाहुणे पाच हजार. एकूण ७८,४००, म्हणजे महिन्याला ६,५३३. हे खर्च दर वर्षी येतात, ठरलेल्या महिन्यात येतात, आणि तरी तुमच्या बजेटमध्ये त्यांना जागा नाही. उरलेल्या १,८१० मधून ते भागणार कसे? महिन्याला सुमारे ४,७०० ची तूट, वर्षाला ५६ हजारांवर. ती तूट कार्डाने भरली आणि कार्डाने स्वतःचं व्याज वर चढवलं.

तेव्हा तुमची उधळपट्टी कुठेच नाही. तुमचं बजेट बारा महिन्यांचं नव्हतं, एवढंच. दूध अर्धा लिटर कमी करून पंचवीस हजारांची फी निघत नाही. मुलांचं दूध पुन्हा सुरू करा, मी गंभीरपणे सांगतोय. कर्ज फेडताना घराला इतकं आवळलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते कुठून तरी फुटतंच, आणि फुटलं की पुन्हा कार्ड बाहेर येतं. मी अशी घरं बरीच पाहतो. कर्ज फेडायची घाई प्रामाणिक असते, पण फेडलेलं पुन्हा दुप्पट व्याजाने घ्यावं लागतं.

साठ हजार भरल्यावर कार्डावर ३२,००० राहतील. तेही याच महिन्यात संपवा. पतसंस्थेतली ठेव मोडू नका, त्यावर ठेवतारण कर्ज घ्या. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण दोन टक्के जास्त दर असतो, म्हणजे तुम्हाला साडेदहाच्या आसपास पडेल. बत्तीस हजारांवर महिन्याचं व्याज होतं २८०. ठेवतारण कर्जाला बहुतेक ठिकाणी बांधील हप्ता नसतो, व्याज भरत राहायचं आणि मुद्दल ठेवीच्या मुदतीपर्यंत सवडीने. तुमच्या पतसंस्थेत तसं आहे का, हे सही करण्याआधी विचारा. ठेवीची मुदत कधी संपते तेही पावतीवर बघा. सोन्यावर कर्ज काढायचं तुम्ही विचारलंत. सोनं राहू दे, ते याहून मोठ्या अडचणीसाठी आहे.

गल्लीतले एक जण शेकडा तीनने द्यायला तयार आहेत आणि ते कार्डापेक्षा स्वस्त पडतं, असंही तुम्ही लिहिलंय. नको. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकारीला परवाना लागतो, आणि शेतीशिवायच्या विनातारण कर्जाला परवानाधारकानेही वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायचं नसतं. जो आत्ताच कायद्याच्या दुप्पट दर सांगतोय, तो वसुलीला कायदा बघणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्या भागात किती घरं अशा पैशात अडकली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल.

आता नवा महिना मांडू. कार्डाचे ४,६०० गेले, ठेवतारणाचे २८० आले. घरखर्च झाला ४८,८७०. पगार ४६,०००, म्हणजे कमी पडतात २,८७०. आता शिलाईचे पैसे पर्समध्ये येऊ देऊ नका. तुमच्या नावाने एक वेगळं बचत खातं ठेवा, गिऱ्हाईक रोख देईल तेव्हा आठवड्यातून एकदा तिथे जमा करा, यूपीआयचा कोडही त्याच खात्याचा लावा. दर महिन्याला त्यातून २,९०० घरखर्चाला काढायचे, मग शिलाई तेरा हजारांची होवो की सहाची. बाकी तिथेच राहील, आणि त्यातून फक्त त्या ७८,४०० च्या यादीतले खर्च करायचे. फेब्रुवारी ते मे या लग्नसराईत त्या खात्यात साधारण अडतीस हजार साठतील. आहेर, जत्रा आणि जूनची फी मिळून खर्च तेवढाच आहे. शाळेला दोन टप्प्यांत फी घेता का, हे मार्चमध्येच विचारून ठेवलंत तर जून आणखी हलका जाईल. पावसाळ्यात थोडं थोडं साठून गणपतीचे नऊ हजार निघतात. वर्षाच्या हिशेबात महिन्याला चारएकशे कमी पडतील, ते दिवाळीच्या बोनसमधून. बोनसचा आकडा मात्र आधी वहीत लिहू नका. आला की लिहा.

भिशीबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. तुम्ही पाच हप्ते भरलेत, म्हणजे २५,००० तुमचे स्वतःचे. उरलेले ३५,००० त्या अकरा जणींचे आहेत, बिनव्याजी दिलेले. फेब्रुवारी ते ऑगस्टचे सात हप्ते हे कर्जच समजा, आणि माझ्या लेखी ते बँकेच्या हप्त्याइतकंच पक्कं देणं आहे. जिची चिठ्ठी शेवटी निघणार आहे ती तुमच्या भरवशावर थांबलीय. पैसे हाती आल्यावर भिशी सोडायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका.

ऑगस्टमध्ये भिशी संपली की महिन्याला ५,००० मोकळे होतात. लगेच नव्या भिशीत नाव देऊ नका. सप्टेंबरपासून ते पाच हजार ठेवतारणात भरा, सात महिन्यांत ते फिटेल आणि ठेव मोकळी होईल. त्यानंतर दिरांचे पन्नास हजार. दिरांशी मात्र आजच बोला. पुढच्या एप्रिलपासून महिन्याला पाच हजार देतो, असं मिस्टरांनी स्वतः सांगावं. व्याज नाही म्हणून ते देणं शेवटी ठेवलंय, विसरलो म्हणून नाही, हे त्यांना कळलेलं बरं. घरातल्या उसनवारीत पैशापेक्षा न बोलणं जास्त महाग पडतं.

पर्सनल लोनचा हप्ता ५ तारखेला आणि पगार ७ तारखेला, हे तुमच्या पासबुकात दिसलं. डिसेंबरात एकदा हप्ता परत गेल्याचा दंडही बसलाय. बँकेत अर्ज देऊन तारीख १० करून घ्या. तोवर पगाराच्या दिवशीच पुढच्या हप्त्याचे पैसे बाजूला टाका.

किराण्याचे १३,५०० एकदम हाताशी ठेवू नका. महिन्याचा किराणा आणि गॅस सात-आठ तारखेला भरून टाका. दूध-भाजीला उरतं त्याचे चार भाग करा, एका आठवड्याचं दुसऱ्यात ओढायचं नाही. आणि दोघांनी महिन्याला तीनतीनशे रुपये असे ठेवा की ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. ते कुठून येतील? तुमच्याच वहीत पेट्रोल २,८०० आहे. मिरज ते कुपवाड रोजचं जाणं-येणं एवढं खात नाही, शिफ्टच्या सोबत्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस एकाच गाडीवर गेलं आणि बाकीच्या फेऱ्या आवरल्या तर सहाशे सुटतील. ज्या बजेटमध्ये नवऱ्याला मित्राला चहा पाजता येत नाही आणि बायकोला गजरा घेता येत नाही, ते बजेट टिकलेलं मी पाहिलं नाही.

चुलतभाऊ दोन हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याची गुंतवणूक, सुरू करायला सांगतोय, त्याला वर्षभर थांबायला सांगा. एलआयसीची पॉलिसी आत्ता मोडू नका. मोडल्यावर हातात किती येतात ते आधी लेखी घ्या, मग ठरवू. पतसंस्थेच्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांपर्यंतच्या विम्याचं संरक्षण नसतं, तेव्हा मुदत संपली की ती रक्कम चांगल्या बँकेत हलवा. तोवर अचानक दवाखाना निघाला तर याच ठेवीवर आणखी काही रक्कम मिळू शकते, म्हणून बत्तीस हजारांच्या वर एक पैसाही जास्त उचलू नका.

कार्ड शून्य झालं की बंद करा. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो पतीचा आकडा, थोडा उतरेल असं कुणी सांगेल. उतरू दे, पुढची दोन वर्षं तुम्हाला नवं कर्ज घ्यायचंच नाही. पण एक लक्षात ठेवा: पूर्ण बाकी भरल्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज येतं, मागच्या स्टेटमेंटपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं. हजार-दोन हजार असेल. ते पाहून फसवलं म्हणून भरायचं थांबवू नका, त्यावर पुन्हा व्याज चढतं. ते भरा, त्यानंतरचं स्टेटमेंट खरंच शून्याचं आलं की बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा ईमेलने द्या. बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलंय, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा.

पतसंस्थेत जाताना मिस्टरांना सोबत न्या, ठेव त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागेल. जाताना ठेवीची मूळ पावती, आधार आणि पॅन घ्या. तिथे दर साडेदहापेक्षा बराच जास्त सांगितला, किंवा बांधील हप्ताच हवा म्हणाले, तर काही न उचलता परत या आणि मला तो आकडा कळवा. मग वर मांडलेला महिना आपण पुन्हा मांडू.