नखी आधी बोटाला बसवा

या महिन्यातली बहुतेक पत्रं धातूच्या नख्यांबद्दल आहेत, म्हणजे बोटांत घालून तार छेडायच्या फिंगरपिक्सबद्दल. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ठेवून या वेळी फक्त हाच विषय घेते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नाशिकला राहतो. मुलगी नॉर्थ कॅरोलिनात असते. तिने पाच तारांचा बँजो (कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा ताणलेलं अमेरिकन तंतुवाद्य) आणून दिला, सोबत धातूच्या दोन नख्या आणि अंगठ्याची एक प्लास्टिकची. धातूच्या नख्या घट्ट केल्या तर बोट दुखतं, सैल ठेवल्या तर वाजवता वाजवता उडून जातात. मुलगी दिवाळीत येतेय. तिला चांगल्या, महागातल्या आणायला सांगू का?

इतक्यात काही सांगू नका. तुमच्याकडे आहेत त्याच नख्या बहुधा उत्तम असतील. पाकिटातून निघालेली नखी अर्धवट तयार असते. ती आपल्या बोटाच्या मापाची आपणच करून घ्यायची असते, आणि महागातली आणली तरी हे काम चुकत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचा पहिला तास मी याच कामात घालवते, बँजो पेटीतून बाहेरही काढू देत नाही.

नखीचं पातं, म्हणजे तार छेडणारा भाग, बोटाच्या पोटाकडे यायला हवं. नावामुळे अनेक जण ते नखावर चढवतात, तसं करू नका. बोटाला वेढणाऱ्या पट्टीचे दोन कान नखाच्या बाजूला वळतात. पट्टी बसते नखाच्या मुळापाशी, सांध्याच्या अलीकडे. ती सांध्यावर गेली की बोट वाकताना नखी सरकणारच.

कान वळवायला जाडसर मार्कर पेन आणि छोटी पक्कड पुरते. पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळा, म्हणजे पत्र्यावर ओरखडे पडणार नाहीत. पेनाभोवती कान थोडे थोडे दाबत आणा, घालून बघा, काढा, पुन्हा दाबा. तुम्हाला दुखतंय ते पट्टी घट्ट असल्यामुळे असेलच असं नाही. बहुतेक वेळा कानाची एक कड बोटात रुतत असते. तेवढीच कड बाहेरच्या बाजूला किंचित उघडली की तीच नखी, तेवढीच घट्ट असूनही, दुखत नाही. दाब सगळीकडे सारखा पडला पाहिजे. हात जोरात झटकला तरी नखी हलू नये आणि बोटाचं टोक निळंजांभळं पडू नये, इतकं साधलं की झालं. एकाच रेषेवर पत्रा पुढे-मागे वाकवत बसू नका. असं केल्याने तो आधी कडक होतो आणि मग तडकतो.

नंतर पात्याचा बाक. नवं पातं बरंचसं सरळ असतं आणि बोटापुढे चोचीसारखं निघतं. ते बोटाच्या गोलाईबरोबर वळवून घ्या. नखी बोटात घालून पात्याचं टोक लाकडी टेबलाच्या कडेवर दाबलंत तर पातळ पत्रा सहज वळतो. बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटर राहिलं तरी पुष्कळ. सरळ पात्याचा आवाज मोठा आणि तुटक येतो, वळवलेल्याचा भरीव येतो. शिवाय तार पात्यावरून घसरून सुटते, अडकत नाही. मला स्वतःला वळवलेलं पातं आवडतं आणि नवशिक्याला मी तेच करायला लावते. एकदा बसवल्यावर तर्जनीची नखी मध्यमेत घालायची नाही. आतून नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा.

अंगठ्याची प्लास्टिकची नखी सैल किंवा घट्ट होत असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून आकार द्या आणि गार पाण्यात बुडवा. गॅसवर मात्र कधीही धरू नका. काही नख्या सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं.

एवढं करूनही मुलीकडून काही मागवायचंच असेल तर जाडी बघून मागवा. डनलॉप कंपनीच्या नख्या ०.०१३ पासून ०.०२५ इंचांपर्यंत मिळतात. ०.०१३ चा पत्रा तारेवर दबतो, आवाज बारीक येतो. ०.०२५ चा घरी वळवताना हात दुखतात. ०.०१८ किंवा ०.०२० घ्या, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. वळायला सोपा आणि वाजवताना ठाम. तीसच्या दशकातल्या जुन्या नॅशनल कंपनीच्या नख्यांसाठी तिकडे शौकीन बरेच पैसे मोजतात. तुम्हाला त्यांची अजिबात गरज नाही.

आणि मुलीच्या राज्याबद्दल एक सांगायला हवं. ज्यांच्या वादनामुळे ही अंगठा आणि दोन बोटांची पद्धत जगभर गेली ते अर्ल स्क्रग्ज नॉर्थ कॅरोलिनातलेच, क्लीव्हलंड कौंटीतले. तीन बोटांनी वाजवणारे त्या भागात त्यांच्या आधीही होते, पण १९४५ च्या डिसेंबरात ते गायक-मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या ताफ्यात आले आणि ब्लूग्रासमध्ये, म्हणजे तिकडच्या तंतुवाद्यांच्या लोकसंगीतात, बँजोची जागाच बदलली. व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि गाणारे गळे यांच्या गर्दीतून एकेक सूर सुटा ऐकू यायचा तर नुसत्या बोटांनी भागत नाही. धातू लागतो तो त्यासाठी.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार वाजवतो. नखं सारखी तुटतात म्हणून धातूच्या नख्या घेतल्या. पण सुरापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. नखी बदलू की गिटार?

दोन्ही नको, हाताचा कोन बदल. बँजोच्या पाच तारांपैकी सहसा एकाच तारेवर वेढे असतात. तुझ्या गिटारच्या सहापैकी चार तारा ब्राँझच्या वेढ्यांच्या आहेत. पात्याची कड त्या वेढ्यांवरून तिरकी घासत गेली की खरखर येते. पातं तारेवर सपाट पडलं पाहिजे. तुझं मनगट फार आडवं पडत असेल, ते थोडं उचल. मनगट ताणून कोन साधायचा नाही. हात सैल ठेवून साधत नसेल तर पातंच थोडं पिळून घे, म्हणजे हात आपल्या सवयीने पडला तरी पातं सपाट पडेल.

दुसरं, पात्याचा तारेला लागणारा भाग भिंगाखाली बघ. बारीक रेघा दिसतील. हार्डवेअरच्या दुकानातून १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आण, ओला करून आधी १००० ने आणि मग २००० ने घास, शेवटी ब्रासोने चकाकव. कडाही गोल कर. खरखर पूर्ण जाणार नाही, पण निम्म्याहून कमी होईल.

तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर फक्त अंगठ्याची नखी ठेव आणि बाकी बोटं मोकळी. अमेरिकेतले नामवंत गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स तसेच वाजवत आणि त्यांच्या आवाजात काही कमी होतं असं कुणी म्हणणार नाही. हात दुखायला लागला तर मात्र लगेच थांब. लिओ कॉट्की हे धातूच्या नख्यांनी वाजवणारे फार जोरकस गिटारवादक. हाताच्या दुखण्यामुळे त्यांनी त्या सोडल्या आणि उघड्या बोटांनी वाजवायला नव्याने सुरुवात केली. नखी घातली की बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही आणि आपण नकळत जोर लावत राहतो.

जाता जाता : नायलॉनच्या तारांच्या गिटारवर धातू चालवू नका, कुणीच. तारा चिरतात आणि लाकडावर चरे पडतात.

प्रश्न : मी मिरजेची, सतार शिकते. भावाने बँजो घेतलाय. माझ्या मिझराबने तो वाजवता येईल का?

सूर निघेल, पण त्यात मजा नाही. मिझराब ही वळवलेली तार. तिचं टोक बारीक, त्यामुळे बँजोवर आवाज टोचरा येतो, आणि तारांखालच्या चामड्याला किंवा प्लास्टिकच्या पडद्याला ते लागतं. मुख्य फरक हाताचा आहे. तुझी तर्जनी दा आणि रा दोन्ही वाजवते, आत आणि बाहेर. बँजोवर बोटं फक्त आतल्या दिशेने छेडतात, अंगठा फक्त खाली, आणि लय या तिघांच्या पाळीपाळीने येण्यातून तयार होते. तुझ्या तर्जनीला पहिले काही दिवस परतीचा आघात करायचा मोह होईल. तो आवरला की तू भावाच्या पुढे जाशील, कारण पट्टी बोटाला किती आवळायची हे तुझ्या बोटावरच्या वळाला आधीच ठाऊक आहे.

मिझराबसारखी नखी आणि गिटार यांचा मेळ बघायचा असेल तर विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा बघ. अंगठ्यात प्लास्टिक, बोटांत तारेच्या नख्या. तिथे आघात आपल्या पद्धतीचे आहेत, म्हणून नखीही आपली चालते.

प्रश्न : डोंबिवलीहून. खोट्या कानातल्यांनी माझे कान सुजतात. आता फिंगरपिकने बोटांना खाज येते. बँजो सोडावा लागेल का?

मुळीच नाही. बाजारातल्या बहुतेक नख्या निकेल सिल्व्हरच्या, म्हणजे आपल्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी नसते. असतं ते तांबं, जस्त आणि निकेल. तुम्हाला निकेलच सोसत नसावं, एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करा. पितळेच्या नख्या घ्या, पण निकेलचा मुलामा दिलेल्या नकोत. पितळेचा आवाज जरा मऊ येतो आणि मला तो गिटारवर जास्त आवडतो. पावसाळ्यात, विशेषतः तुमच्याकडच्या दमट हवेत, घामाने बोटावर हिरवा डाग पडेल. तो साबणाने जातो. नखी वाजवून झाली की पुसून ठेवा. काळी पडली तर पट्टी आतून चिंचेने साफ करा. भांडी घासायची पावडर पात्याला लावू नका, तिने चरे पडतात आणि तेच चरे मग तारेवर ऐकू येतात.

प्रश्न : लालबागच्या बेंजो पार्टीत वाजवतो. मिरवणुकीत आवाज वाढावा म्हणून मेटलच्या फिंगरपिक्स घेऊ का?

नको. तुमचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. एक हात बटणांवर आणि दुसऱ्या हातात चपटी पट्टी, जी तारांवरून खाली-वर दोन्हीकडे फिरते. फिंगरपिक एकाच दिशेने छेडायला केलेली आहे, परतीला ती तारेत अडकेल आणि भर मिरवणुकीत बोटातून निघून जाईल. आवाज तुमचा पिकअप आणि अँप देतात, तो तिथे वाढवा. पट्टी प्लास्टिकचीच ठेवा, कड झिजून खडबडीत झाली की बदला, आणि जादा दोन-चार खिशात असू द्या.