एसटीआयचे हेड उतरवण्याविषयी: आधी काय मोजावे आणि नंतर काय करू नये

आपण लिहिता की आपण २०१२ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय ही गाडी न्यू जर्सीत सेकंड-हँड विकत घेतली, टर्बोचा पूर्ण दाब आला की कूलंट ओव्हरफ्लोच्या टाकीत चढते, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर येतो, आणि गॅरेजवाले म्हणतात की इंजिनाचे दोन्ही हेड, म्हणजे सिलिंडरांना झाकणारे भाग, उतरवून आत काय आहे ते पाहू. हे वाचताना मला २०१६ मधली माझी २०११ ची एसटीआय आठवली, कारण ओहायोत असताना तिचीही हीच लक्षणे होती. आधीच्या मालकाने ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग बदललेले होते, हेही आपल्यासारखेच. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि आपले इंजिन मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सारे एका गाडीच्या अनुभवावर आणि त्यानंतर केलेल्या अभ्यासावर आधारलेले आहे, असे समजूनच वाचावे.

इंजिन बाहेर कसे काढायचे, टायमिंग बेल्टच्या खुणा कशा जुळवायच्या, हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने सैल करायचे हे सर्व कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे, त्यात मी भर घालत नाही. मात्र हेडला हात लावण्याआधी लीक-डाउन चाचणी झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन पूर्ण पुढे अशा स्थितीत, आणून त्यात हवा भरावी आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकावे. थ्रॉटलकडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टकडून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधले सील) किंवा हेडला गेलेली चीर, आणि तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर पिस्टन किंवा रिंगा. आपल्याकडे कूलंटही चढते आहे आणि निळा धूरही आहे, म्हणजे दोन वेगळी दुखणी एकत्र असू शकतात. या २.५ लिटर इंजिनात, विशेषतः चौथ्या सिलिंडरमध्ये, दोन रिंगांमधली पिस्टनची कड, म्हणजे रिंगलँड, तुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि चुकीच्या ट्यूनिंगमुळे होणारे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित भडका, हे त्याचे एक मोठे कारण आहे. ही तुटलेली कड हेड उतरवूनही दिसत नाही. वरून पिस्टनचा माथा स्वच्छ दिसतो, बोअरवर फार तर एखादा ओरखडा दिसतो आणि माणूस समाधानाने नवे गॅस्केट घालून मोकळा होतो. ती पाहायची तर ब्लॉकच्या छिद्रांतून गजन पिन, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणारी पिन, ओढून पिस्टन बाहेर काढावा लागतो. त्यामुळे काम हेडपुरते आहे की ब्लॉक उघडण्यापर्यंत जाणार आहे, हे चाचणीच्या आकड्यांवरून आधीच ठरवावे.

माझ्या बाबतीत पिस्टन शाबूत होते आणि बिघाड फक्त गॅस्केटचा होता. तरीही ते इंजिन माझ्याच हाताने गेले.

माझे काम शिकणे कोल्हापूर भागात झाले, शेतीपंपांच्या ओतीव लोखंडी डिझेल इंजिनांवर. तिथे हेड उतरवले की जुने गॅस्केट पात्याने खरवडायचे आणि पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग चकचकीत करायचा, ही पद्धत सर्रास होती. त्याच सवयीने मी एसटीआयच्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर ड्रिलला लावलेली घासण्याची चकती फिरवली. सिलिंडरमध्ये कापड कोंबले होते, काम संपल्यावर हवेचा झोत मारला होता, आणि एवढी काळजी पुरेशी आहे असे मला वाटले होते. त्या चकतीतील ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण तेलाच्या वाटांत उतरले. साधारण ६०० मैलांनंतर खालून ठोका ऐकू येऊ लागला. ब्लॉक उघडला तेव्हा बेअरिंगच्या शेलमध्ये करडे कण रुतलेले होते आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नखाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या. जनरल मोटर्सने आपल्या तंत्रज्ञांना अशा चकत्या गॅस्केटच्या पृष्ठभागावर वापरू नयेत अशी लेखी सूचना याच कारणासाठी दिलेली आहे. ती मी इंजिन गेल्यानंतर वाचली, याची खंत अजून आहे.

चकती दुसरे नुकसानही करते. मऊ ॲल्युमिनियमवर ती जिथे रेंगाळते तिथे खळगा पडतो, आणि पत्र्याच्या अनेक थरांचे आजचे गॅस्केट असा खळगा भरून काढू शकत नाही. म्हणून प्लास्टिकचे पाते, गॅस्केट विरघळवणारे रसायन आणि भरपूर वेळ, एवढेच वापरा. त्यानंतर सरळपट्टी आणि फीलर गेजने ब्लॉक आणि हेड दोन्ही तपासा. मॅन्युअलमध्ये दिलेली वाकाची मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांतच आहे, तेव्हा केवळ नजरेवर विसंबू नये.

हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला, देताना मात्र जपावे. मी ज्या मशीन शॉपला हेड दिले, त्यांनी बिलावर ‘दोन हेड, फेसिंग’ एवढेच लिहून परत केले. किती धातू काढला, आधी वाक किती होता, नंतर पृष्ठभाग किती गुळगुळीत झाला, यांपैकी एकही आकडा त्यांनी दिला नाही. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘आम्ही वर्षानुवर्षे हेच करतो’ असे उत्तर मिळाले. अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण मोजमापाची जागा अनुभव घेऊ शकत नाही. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे लेखी द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे हेड ठेवूच नयेत. परत आलेल्या हेडमधील तेलाच्या वाटा स्वतः ब्रशने धुवाव्यात.

आणखी थोडे. या इंजिनात हेडचे बोल्ट गाठण्यासाठी कॅमशाफ्ट काढावे लागतात, तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्हची बकेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली वाटी) तिच्या क्रमांकासह वेगळी ठेवा, कारण त्यांची जाडी वेगवेगळी असते. दुर्दैवाने बेअरिंग गेलेलेच निघाले, तर ऑइल कूलर धुऊन परत बसवू नका, नवा घाला, कारण त्याच्या आत अडकलेले कण पूर्ण निघत नाहीत. आणि ट्यूनिंग ९३ ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंगला अधिक रोखणाऱ्या, पेट्रोलसाठी केलेले असेल, तर ९१ च्या पेट्रोलवर गाडीला जोर देऊ नका.

चारही सिलिंडरांचे लीक-डाउनचे आकडे आणि हवा कुठून आली ते कळवा, चौथ्याचे विशेष करून. ते हाती येईपर्यंत गाडी चालवू नये, असे मला वाटते.