न मोजलेला दिवस

प्रिय मुली,

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलीस आणि तासभर लॅपटॉप उघडून देशोदेशीच्या शाळकरी मुलांना जोडायचा तुझा बेत दाखवत बसलीस. सात देश, अकरा शाळा, चार युवक मंडळं, शाश्वत विकासाच्या सतरा ध्येयांचं ते सतरा रंगांचं चक्र. शेवटी म्हणालीस, "बाई, टांझानियातल्या डोडोमाच्या शाळेला मेल करून दीड महिना झाला, उत्तर नाही. त्यांना रस नाही. आणि इकडे एक परदेशी संस्था पैसे देतेय, पण मार्चच्या आत तीन खंडांतल्या मुलांचा एकत्र कार्यक्रम हवा म्हणते. डोडोमा सोडून देऊ का?" तेव्हा मी काही बोलले नाही. तुझा चहा तसाच गार झाला, तेवढं पाहिलं. म्हणून आज लिहितेय.

तू चांगलं काम करतेस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुलाही ठाऊक आहे. मला तुझ्या एकाच वाक्याबद्दल बोलायचंय. "त्यांना रस नाही" हे कशावरून ठरवलंस? मेल गेला नोव्हेंबरच्या शेवटी. टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुमारास संपतं. डोडोमाकडे पाऊसही डिसेंबरातच येतो. म्हणजे तुझा मेल पोचला तेव्हा शाळेला कुलूप लागत होतं आणि घरोघरी पेरणीची घाई होती. मृगाच्या तोंडावर, ऐन सुट्टीत आलेल्या मेलला आपल्या गावातून कुणी उत्तर दिलं असतं का? तुझ्या हातात आहे ती एक रिकामी चौकट. तू तिथे शून्य लिहून मोकळी झालीस.

आमच्या शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. वर नरसाळं, आत बाटली, शेजारच्या खोलीत काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठला पाळीची मुलगी पाणी मोजपात्रात ओतायची, ते डोळ्यांच्या रेषेत धरायची, काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधला खोलगट भाग बघायची आणि ओरडून सांगायची, "दोन पूर्णांक चार!" उन्हाळ्यात ओरडण्यासारखं काही नसायचं. नरसाळ्यात कधी गांधीलमाशीचं घर, कधी चिंचेचा पाला. तरी उघडायचं, बाटली उपडी करायची, मग वहीत शून्य. "बाई, आभाळ तर कोरडं आहे, उघडून काय बघायचं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचं. बघितल्याशिवाय शून्य लिहायचं नाही, हे माझं दरवर्षीचं उत्तर.

तशीच वही डोडोमाजवळच्या एका शाळेतही होती. पत्रं टपालाने जायची, तीन-तीन आठवडे लागायचे. त्यांच्या पहिल्या तक्त्यावर मोजायची वेळ होती 'सा तातु', म्हणजे तीन. आमची पोरं म्हणाली, हे रात्री तीनला उठतात? मग कळलं की स्वाहिलीत तास सकाळी सहानंतर मोजायला लागतात. त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. दुसऱ्या एका पत्रात कणसाचं चित्र होतं, खाली 'उवेले' असं लिहिलेलं. ती आपली बाजरी होती! आमची मुलं त्या कागदाभोवती अशी जमली, जणू हरवलेलं कुणी सापडलं.

वर्षभराने दोन्ही तक्ते भिंतीवर शेजारीशेजारी लावले. आमचे आकडे जून ते सप्टेंबर, पुढे दिवाळीपर्यंत थोडेफार, मग शून्यं. त्यांचे डिसेंबर ते एप्रिल, मग मे ते नोव्हेंबर जवळजवळ शून्यंच. आमच्या शून्यांसमोर त्यांचा पाऊस, त्यांच्या शून्यांसमोर आमचा. सातवीतली एक मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सुके सात महिने ते पाणी कुठून आणतात?" त्या एका प्रश्नावर दोन वर्षं पत्रं चालली. ते छपराच्या पन्हाळीचं पाणी टाकीत कसं धरतात, आम्ही नालाबांध कसे घालतो, विहिरीची पातळी दोर सोडून कशी मोजायची. ती शून्यं कुणी कंटाळून गाळली असती, तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

आता माझी चूक. एका दिवाळीच्या सुट्टीत अठरा दिवस कुणीच मोजलं नाही. मी स्वतः माहेरी गेले होते. परत आल्यावर तक्ता पाठवायची घाई, म्हणून अठराही घरांत मीच शून्य लिहिलं. मीच, जी रोज पोरांना ओरडत होते! त्याच पाकिटात एका मुलाचं पत्र होतं: 'दिवाळीत अवकाळी पाऊस पडला, आमचा कांदा सडला.' दीड महिन्याने तिकडच्या मुलांनी साध्या, सभ्य भाषेत विचारलं, या दोनांतलं खरं कोणतं?

मला उत्तर देता येईना. उद्या लिहू, परवा लिहू करत चार महिने घालवले. अखेर लिहिलं तेव्हा तिथल्या शिक्षकांची बदली झाली होती आणि पत्र उघडणारं कुणी उरलं नव्हतं. आपण मोजलं नाही, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. शाळांच्या पर्यावरण नोंदींसाठी १९९५ साली ग्लोब नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यात मुलांच्या पाऊस-नोंदीत शून्याची खूण वेगळी आणि न मोजल्याची वेगळी आहे. मी नियम वाचला होता, शिकवलाही होता.

तेव्हापासून मी हट्टी झाले. पुढे एका संस्थेने आम्हाला मदत देऊ केली, तेव्हा अहवालात 'लाभार्थी विद्यार्थी' असा रकाना होता. आम्ही मोजलेलं नव्हतं. अंदाजे टाका, म्हणाले. मी टाकलं नाही. मदत गेली, शाळेची संगणक खोली व्हायची राहिली, आणि बाईंच्या हट्टापायी मदत गेली असं गावात अजून बोलतात. बोलोत. एकदा अठरा घरं खोटी भरल्यावर मला एकोणिसावं भरवत नव्हतं. तो हट्ट कुणाला अहंकार वाटला असेल. मला नाही वाटत.

तू म्हणशील, बाई, काळ बदलला, आता एवढी मोठी जाळी आहेत. आहेत ना! युनेस्कोच्या सहयोगी शाळा १९५३ साली सुरू झाल्या त्या १५ देशांतल्या ३३ शाळांपासून. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांचं 'रूट्स अँड शूट्स' हे मुलांचं पर्यावरण-जाळं १९९१ साली दार-ए-सलाममध्ये, बारा विद्यार्थ्यांपासून. आणि तू सात देशांपासून सुरुवात करायला निघालीस. कशाला गं? मला राग येतो तो याचा. एक शाळा धर. दोन्हीकडे एकच गोष्ट मोजा, पाऊस नाहीतर विहीर. सातवीच्या मुलांकडून आठवीत जायच्या आत सहावीच्या मुलांना वही सोपवून घे, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी वही बदलून जाणार नाही. संस्थेला कळव की मार्चमध्ये फोटो मिळणार नाहीत, दोन महिन्यांच्या नोंदी मिळतील, त्यात रिकाम्या चौकटीही असतील. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत.

आणि डोडोमाला पुन्हा लिही. शाळा आता उघडली असेल, शेतात उवेले गुडघ्याएवढं आलं असेल. पाऊस कसा आहे ते आधी विचार. कार्यक्रमाचं नाव काढू नकोस.

रविवारी ये. जुनं पर्जन्यमापक माझ्या माळ्यावर आहे, नरसाळ्याला पोचा आलाय, तो ठोकून काढू. वहीही आहे. ती अठरा शून्यं मी खोडलेली नाहीत, त्या पानाचा फोटो काढून तुझ्या पत्राबरोबर पाठव. आमचं मोजपात्र फुटलं, येताना नवं घेऊन ये.

तुझी,
बाई